सरकारी कॉलेज घ्यायचं की खासगी? नागपूरच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका तंत्रशिक्षण संस्थेच्या शिष्यवृत्तीच्या खिडकीमागे माझी सगळी नोकरी झाली. निवृत्त झालो, पण जून लागला की फोन सुरूच. पूर्वी खिडकीशी रांग असायची, आता व्हॉट्सॲपवर असते. प्रश्न मात्र दरवर्षी तेच. म्हणून एकदाचे लिहून काढले. बहुतेक प्रश्न इंजिनिअरिंगचे आहेत, कारण नागपुरात खरी ओढाताण तिथेच होते. मेडिकलसाठी प्रश्न ११, बी.ए.-बी.कॉम.साठी प्रश्न १२ आणि दहावीनंतरच्या डिप्लोमासाठी प्रश्न १३ पाहा.

१. नागपुरात सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजं कोणती? सगळ्यांची फी कमीच असते ना?

नाही. ‘सरकारी’ या एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी येतात.

व्हीएनआयटी (विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था) केंद्र सरकारची. १९६० साली सुरू झालेलं हे कॉलेज २००२ मध्ये एनआयटी झालं. जुने लोक अजून व्हीआरसीईच म्हणतात. प्रवेश जेईई मेनमधून, निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांना. इथली मूळ फी राज्याच्या सरकारी कॉलेजापेक्षा बरीच जास्त आहे. पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर शिक्षण शुल्क पूर्ण माफ, १ ते ५ लाख असेल तर दोन तृतीयांश माफ, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व दिव्यांग विद्यार्थ्यांना पूर्ण माफ. बुटीबोरीकडची ट्रिपल आयटी (भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्था) २०१६ ची. ती सरकार आणि उद्योगाच्या भागीदारीत चालते, त्यामुळे नाव सरकारी असलं तरी फी पाहून पालक दचकतात. तिसरं खापरीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, तेही २०१६ चंच. फी कमी, पण वय लहान. चौथी लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था म्हणजे एलआयटी, १९४२ ची, २०२३ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाली. केमिकलमध्ये जायचं असेल तर नागपूरकराने आधी तिच्याकडे पाहावं.

एवढ्यात जागा संपतात. म्हणून बहुतेक घरांत तुलना होते ती नागपुरातलं चांगलं खासगी कॉलेज आणि अमरावती, चंद्रपूर किंवा यवतमाळचं सरकारी कॉलेज यांची. ही तीनही गावं इथून साधारण दीडशे किलोमीटरवर, म्हणजे रोजचं जाणं-येणं विसरा.

२. खासगी कॉलेज मनाला येईल तेवढी फी लावू शकतं का?

विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेज असेल तर नाही. २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक कॉलेजची प्रत्येक कोर्सची फी ठरवतं. ठरलेला आकडा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असतो. काउंटरवर सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून पाहा. त्यात शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क येतं. बस, वसतिगृह, मेस, ड्रेस, ‘ट्रेनिंग’ हे बाहेरचं. माझ्या पुतणीला एका कॉलेजात बसची फी सक्तीची म्हणून सांगितली होती. ‘सक्तीची आहे असं लेखी द्या’ म्हटल्यावर ती दोन मिनिटांत ऐच्छिक झाली. खासगी आणि अभिमत विद्यापीठांचं गणित वेगळं, ते प्रश्न ८ मध्ये.

३. खासगीची फी वर्षाला दीड लाख, सरकारीची तीस हजार. एवढा फरक असताना विचार कसला करायचा?

विचार याचा की ही फी तुम्ही भरणार आहात का. कागदावरची फी आणि घरातून जाणारा पैसा या वेगळ्या गोष्टी आहेत. एक हिशेब करून दाखवतो. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही टाका.

नागपुरातलं खासगी, मुलगा घरून जातो. फी १,५०,००० (त्यात शिक्षण शुल्क १,३०,००० धरा). चार वर्षांचे ६ लाख. जाण्या-येण्याचे महिन्याला २,५०० प्रमाणे वर्षाचे दहा महिने, म्हणजे चार वर्षांत १ लाख. एकूण ७ लाख.

बाहेरगावचं सरकारी. फी ३०,००० (त्यात शिक्षण शुल्क २०,०००), चार वर्षांचे १,२०,०००. खोली आणि मेस महिन्याला ७,५००, इथेही वर्षाचे दहा महिने, म्हणजे चार वर्षांचे ३ लाख. सणावाराला येणं-जाणं आणि वरखर्च वर्षाला १५,०००, म्हणजे ६०,०००. एकूण ४ लाख ८० हजार.

फरक सव्वादोन लाखांच्या आत आला. आता मुलगा खुल्या प्रवर्गातला आहे आणि त्याला शिक्षण शुल्काची निम्मी सवलत (प्रश्न ४) मिळते असं धरा. खासगीत चार वर्षांत २,६०,००० सुटतात, सरकारीत ४०,०००. दोन्हीकडे उरतात ४ लाख ४० हजार. अगदी सारखे! आणि ओबीसी मुलगी असेल, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर खासगीत सगळे ५,२०,००० सुटून १ लाख ८० हजार उरतात आणि सरकारीत ८०,००० सुटून ४ लाख. म्हणजे ‘महागडं’ कॉलेज निम्म्याहून कमी पैशात.

हा कागद मी पालकांसमोर मांडतो तेव्हा थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग वडील हळूच विचारतात, ‘सर, हे पैसे खरंच मिळतात का?’ मिळतात, पण प्रश्न ४ आणि ५ नीट वाचा.

४. आम्हाला नेमकी कोणती सवलत मिळेल?

आधी एक अट, तीच सगळ्यात जास्त लोक विसरतात: प्रवेश कॅपमधून, म्हणजे सीईटी सेलच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाच्या) केंद्रीय फेरीतून झालेला हवा.

खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्ती. सगळे तिला ईबीसी म्हणतात. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, शिक्षण शुल्काच्या ५० टक्के. मुलींसाठी ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी प्रवर्गात ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अनुसूचित जातीसाठी अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर भारत सरकारची शिष्यवृत्ती, त्यावर असेल तर फ्रीशिप, म्हणजे फीची माफी. बाहेरगावी शिकणाऱ्यांनी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता बघावा, आणि शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांनी स्वाधार. या दोन्हींमुळे प्रश्न ३ चा हिशेब सरकारीच्या बाजूने झुकू शकतो, म्हणून त्या नंतर आठवू नका.

अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा. सेतू केंद्रात मेच्या शेवटीच टाका, जुलैत तिथे जत्रा असते. आणि दरवर्षी नूतनीकरण! पहिल्या वर्षी आईवडील धावपळ करतात, दुसऱ्या वर्षी पोरगं ‘मी भरतो ना’ म्हणतं आणि मुदत जाते. माझ्या खिडकीवर सगळ्यात जास्त रडारड याच कारणाने झाली.

५. टीएफडब्ल्यूएस (ट्यूशन फी वेव्हर स्कीम) म्हणजे काय? ईबीसीपेक्षा चांगलं का?

मिळालं तर चांगलंच. प्रत्येक शाखेत मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा अशा असतात की शिक्षण शुल्क पूर्ण माफ. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, जात कोणतीही असो. बाकीची फी भरावी लागते. साठच्या तुकडीला तीनच जागा, त्यामुळे कटऑफ त्याच शाखेच्या खुल्या जागेपेक्षाही बरेचदा वर जातो. पसंतीक्रमात यांचा कोड वेगळा असतो, शेवटी ‘टी’ असलेला. फॉर्म भरताना नेहमीचा आणि ‘टी’चा असे दोन्ही टाका, ‘टी’चा आधी.

एक गोम आहे: या जागेवर गेलेल्याला नंतर कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. ‘आधी सिव्हिल घेऊ, दुसऱ्या वर्षी बदलू’ असं मनात असेल तर हा रस्ता नाही.

६. सरकारीत सिव्हिल मिळतंय, खासगीत कॉम्प्युटर. पोरगं कॉम्प्युटर म्हणून राहिलं, बाबा सरकारी म्हणून राहिले. काय करावं?

हा वर्षानुवर्षं पहिल्या नंबरचा प्रश्न.

मी पूर्वी बिनदिक्कत ‘सरकारी’ म्हणायचो. आता म्हणत नाही. एका मुलाला मी बाहेरगावच्या सरकारीत सिव्हिलला पाठवलं होतं. हुशार पोरगा, पण जमीन मोजायला एकदाही मनापासून गेला नाही. चार वर्षं खोलीवर कोडिंग शिकला आणि शेवटी आयटीतच लागला. म्हणजे त्याने दोन डिग्र्यांचं काम करून एक घेतली. तो तक्रार करत नाही, पण मला ते डाचतं.

म्हणून आधी मुलाला विचारा, कॉम्प्युटर का हवं. ‘सगळे घेतात’ हे उत्तर असेल तर सरकारी सिव्हिलवर भांडण करण्यात अर्थ आहे. सिव्हिल, इलेक्ट्रिकल, मेकॅनिकलवाल्यांना राज्य सेवेच्या अभियांत्रिकी परीक्षा, महावितरण, रेल्वे, गेट परीक्षा देऊन एम.टेक. किंवा सार्वजनिक उपक्रम असे दरवाजे असतात. पण पोरगं आधीपासून काही बनवत असेल, प्रोग्राम लिहीत असेल, तर चांगल्या खासगीतलं कॉम्प्युटर घ्या आणि पैशाचा हिशेब प्रश्न ३ प्रमाणे करा.

‘चांगल्या’ हा शब्द मात्र सोडू नका. कॉम्प्युटरच्या नावाखाली आता ‘एआय’, ‘डेटा सायन्स’, ‘सायबर’ अशा नव्या शाखांच्या पाट्या लागल्या आहेत. त्या शाखेची एकही बॅच बाहेर पडलेली नसेल तर शिकवणारे कोण ते विचारा. नॅक आणि एनबीए ही दर्जाची मानांकनं: नॅक संपूर्ण कॉलेजला मिळतं, एनबीए त्या-त्या शाखेला. कॉलेजला ए प्लस असेल, पण तुमच्या शाखेला एनबीए आहे का ते वेगळं पाहा.

७. प्लेसमेंटचे फलक खरे असतात का?

सर्वाधिक पॅकेजचा आकडा एका मुलाचा असतो. तुम्ही त्याचे आईबाप असण्याची शक्यता किती ते तुम्हीच ठरवा. विचारायचं ते एवढंच: तुमच्या शाखेत गेल्या वर्षी किती मुलं होती, किती जणांना ऑफर मिळाली, किती प्रत्यक्ष रुजू झाली, आणि मधल्या मुलाला (पगार क्रमाने लावले तर बरोबर मधोमध येतो त्याला) किती मिळाले. एकाच मुलाच्या तीन ऑफर तीन म्हणून मोजलेल्या मी पाहिल्या आहेत. बरं, हे प्रश्न सरकारी कॉलेजातही विचारा. तिथे फलक लहान असतो एवढंच.

याहून चांगली माहिती शेवटच्या वर्षाच्या मुलांकडे असते, आणि ती कॉलेजच्या गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर फुकट मिळते. हिंगणा रोड, वानाडोंगरी, काटोल रोड, कुठेही जा.

८. अमुक खासगी विद्यापीठाची फी जवळच्या खासगी कॉलेजइतकीच आहे. मग फरक काय?

सवलतीचा. प्रश्न ४ मधली मुलींची पूर्ण माफी खासगी आणि अभिमत विद्यापीठांना लागू नाही. त्यांची फी प्रश्न २ मधल्या प्राधिकरणाच्या कक्षेतही येत नाही. नागपुरात गेल्या काही वर्षांत काही जुनी, नावाजलेली खासगी कॉलेजं स्वतंत्र विद्यापीठं झाली. आवार तेच, सर तेच, बस तीच. पण थोरल्या मुलीला जी सवलत मिळाली ती धाकटीला तिथे मिळेलच असं नाही. पुष्कळ पालक याच ठिकाणी फसतात, कारण नाव ओळखीचं असतं. प्रवेश घेण्याआधी त्या वर्षाची त्या संस्थेची स्थिती पाहा.

९. कॅपमध्ये नंबर लागला नाही. मॅनेजमेंट कोट्यातून घेऊन टाकू का?

खासगी विनाअनुदानित कॉलेजात २० टक्के जागा संस्था स्तरावर भरल्या जातात, ते कायदेशीर आहे. बेकायदेशीर आहे ते ‘डोनेशन’. महाराष्ट्रात १९८७ पासून कॅपिटेशन फी घ्यायला बंदी आहे. पैसा द्याल तो पावतीवर, आणि पावती संस्थेच्या नावाची. माझ्या मेहुण्याने एकदा ‘उद्या देतो’वर विश्वास ठेवला. त्या उद्याला आता बरीच वर्षं झाली.

पण यातला मोठा तोटा वेगळाच: या दाराने गेलात की ईबीसी आणि मुलींची माफी दोन्ही गेल्या. टीएफडब्ल्यूएस तर कॅपमध्येच भरलं जातं. चार वर्षांचा तो आकडा डोनेशनपेक्षाही मोठा होऊ शकतो. कॅपमधून थोडं खालचं कॉलेज मिळत असेल, तर मी ते घ्या म्हणेन. इथे माझं मत ठाम आहे.

१०. कर्ज काढून खासगीत घालावं का?

कर्जाचा हप्ता पोरगं नोकरीला लागल्यावर फेडणार आहे, तेव्हा हप्ता त्याच्या पहिल्या पगाराशी जुळवून पाहा. ५ लाख, १० टक्के व्याज, ७ वर्षं: महिन्याला साधारण ८,३०० रुपये. शिकत असतानाचं व्याज भरलं नाही तर तेही डोक्यावर चढतं. सुरुवातीचा पगार वीस हजारांच्या आसपास असेल तर आठ हजारांचा हप्ता जड, चाळीस असेल तर हलका. आकडा प्रश्न ७ मधल्या ‘मधल्या मुला’चा धरा, फलकावरच्या मुलाचा नको.

४ लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार, त्यापुढे तारण. २०२४ च्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी विनातारण कर्ज आहे, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना, दुसरी सरकारी शिष्यवृत्ती नसेल तर, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात ३ टक्के व्याजसवलत. तुमचं कॉलेज यादीत आहे का ते आधी पाहा. घर गहाण ठेवायची वेळ येत असेल तर बाहेरगावच्या सरकारीकडे पुन्हा एकदा वळून पाहा.

११. मेडिकललाही हेच गणित लागू का?

नाही. नागपुरात ‘मेडिकल’ म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (१९४७ चं), मेयो म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि मिहानमधलं एम्स, तीन ठिकाणी सरकारी एमबीबीएस आहे. यांपैकी काही मिळालं तर खासगीची तुलनाच करू नका. फीचा फरक तर आहेच, पण खरा फरक वॉर्डातल्या गर्दीचा. मेडिकलच्या ओपीडीची रांग एकदा पाहून या, विद्यार्थ्याला किती रुग्ण पाहायला मिळतात ते कळेल. राज्याच्या सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते, ती टाळली तर १० लाखांचा दंड. ते वर्ष आधीच धरून चाला.

१२. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.साठी काय बघायचं?

इथे भेद सरकारी-खासगी असा नसून अनुदानित-विनाअनुदानित असा आहे. शासकीय म्हणून मॉरिस (१८८५ चं, आता वसंतराव नाईक संस्था) आणि विज्ञान संस्था आहेतच. पण हिस्लॉपसारखी (१८८३) जुनी कॉलेजं खासगी व्यवस्थापनाची असूनही तिथले अनुदानित वर्ग स्वस्त असतात. एकाच इमारतीत खाली अनुदानित बी.कॉम. आणि वर विनाअनुदानित बीबीए असं असू शकतं, आणि फीत कितीतरी पट फरक. म्हणून फक्त कॉलेजचं नाव विचारू नका, तुकडी अनुदानित आहे का ते विचारा. बीबीए-बीसीएला २०२४ पासून सीईटी आहे, बारावीच्या मार्कांवर बसून राहू नका.

१३. दहावीनंतर शासकीय पॉलिटेक्निक घेतलं तर पैसा वाचेल का?

वाचतो, आणि हा रस्ता लोक उगाच कमी लेखतात. सदर भागातल्या शासकीय तंत्रनिकेतनात तीन वर्षांचा डिप्लोमा, मग थेट द्वितीय वर्षात डिग्री. अकरावी-बारावीच्या कोचिंगचे पैसेही वाचतात. गोम एवढीच की मधेच बारावीसारखं वळण घेता येत नाही. पोराचं मन पंधराव्या वर्षी ठरलेलं हवं.

१४. मुलगी आहे, बाहेरगावी पाठवायची नाही. म्हणून नागपुरातलंच खासगी घेतो. चुकतोय का?

पैशाच्या दृष्टीने बहुधा नाही, प्रश्न ३ चा शेवटचा हिशेब पाहा. पण ‘पाठवायची नाही’ हे कुणाचं म्हणणं आहे, तुमचं की तिचं? अमरावतीच्या सरकारी कॉलेजात (१९६४ चं, जुनं आणि भक्कम) मुलींचं वसतिगृह आहे. एकदा तिला घेऊन जाऊन पाहून या. मग तिने नाही म्हटलं तर गोष्ट वेगळी.

१५. आमचं उत्पन्न आठ लाखांच्या थोडंसं वर आहे. काही होईल का?

ईबीसी नाही, टीएफडब्ल्यूएस नाही, मुलींची माफी नाही. आठ लाख दहा हजार असले तरी नाही. या घरांना प्रश्न ३ चा पहिला, बिनसवलतीचा हिशेब लागू होतो, आणि त्यात सरकारी सरळ स्वस्त पडतं. दाखला ‘बसवून’ देणारे लोक भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. आईवडील दोघांचं मिळून उत्पन्न मोजतात, हे मात्र आधीच नीट पाहा. काही जण आईचा पगार विसरून आनंदात फॉर्म भरतात.

१६. खासगीत प्रवेश घेतला, फी भरली. पुढच्या फेरीत सरकारीत नंबर लागला तर पैसे बुडतील का?

कॅपमधूनच घेतला असेल तर नाही. जागा स्वीकारताना ‘फ्रीझ’ (हीच जागा पक्की) न करता ‘बेटरमेंट’ (याहून वरची मिळाली तर हवी) निवडलेलं असेल तर पुढच्या फेरीत वरचा पसंतीक्रम मिळू शकतो. मात्र तो मिळाला की आधीची जागा आपोआप सुटते, ‘दोन्ही हातात ठेवून बघू’ चालत नाही. आणि पहिल्या फेरीत पहिलाच पसंतीक्रम मिळाला तर ती जागा आपोआप फ्रीझ होते. म्हणून पहिल्या क्रमांकावर खासगी टाकून नंतर सरकारीची वाट पाहणारे दरवर्षी अडकतात. जे खरंच हवं, तेच पहिलं टाका.

ठरलेल्या मुदतीत प्रवेश रद्द केलात तर १,००० रुपये कापून बाकी फी परत मिळते. अर्ज ऑनलाइन करा, त्याची प्रत कॉलेजात देऊन पोच घ्या. ‘टीसी पुढच्या आठवड्यात देतो’ म्हणाले तर ऐकू नका, मूळ कागदपत्रं अडवून ठेवायचा हक्क कोणत्याही कॉलेजला नाही. ती घेऊनच तिथून निघा, कारण नव्या कॉलेजची हजर होण्याची मुदत कधीकधी दोन-तीन दिवसांचीच असते.